बुऱ्हाणपूरचा कापूस आणि अमेरिकेचा कलह

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी संघराज्याशी संबंध तोडून १८६१ च्या एप्रिल महिन्यात सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, त्या वेळी तापीकाठचे बुऱ्हाणपूर शिंद्यांच्या अंमलातून इंग्रज सरकारच्या ताब्यात येऊन फार काळ लोटला नव्हता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही अनुबंध असेल, असे त्या शहरातील सावकाराला किंवा साळ्याला स्वप्नातही वाटले नसेल. तथापि पुढल्या चारच वर्षांत त्या दूरदेशीच्या भाऊबंदकीने येथील पेठांचे भाव, कुळांची खाती आणि मागांवरचे सूत ही सारी ढवळून काढली. आज अमेरिकेतील वर्णभेद, गर्भपाताचा हक्क, शस्त्रे बाळगण्याचा अधिकार किंवा परदेशांतून येऊन वसणाऱ्यांचा प्रश्न यांवर आपल्याकडे ज्याला त्याला मत आहे, आणि ते मत स्वतंत्र विचाराने बनवले आहे अशी ज्याची त्याची खात्रीही आहे. परक्या देशाच्या वादावर मत देण्याची ही आपली रीत कोठून आली आणि तिचे मोल कशाने ठरावे, हे पाहायचे असेल, तर बुऱ्हाणपूरच्या कापसापासून आरंभ करणे उचित होईल.

जगाशी देवघेव ही या शहराला नवी गोष्ट नव्हती. फारुकी घराण्यातील नासिरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी शेख बुऱ्हानुद्दीन यांच्या नावाने ते वसवले. १६०१ मध्ये जवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती आला, आणि तेव्हापासून दख्खनच्या मोगली मोहिमांचे हे प्रमुख ठाणे बनले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे येऊन शाहजादा परवीझ याला भेटला. पुढे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम, पारदर्शक वस्त्रे इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरो येथवर जात असल्याचे लिहून ठेवले आहे. त्या वस्त्रांना जी जर लागे, ती तयार करणे हाच येथील एक मोठा धंदा होता. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती तापवून ठोकायची, मग पोलादी जंत्रीच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत ओढत तिची केसासारखी तार करायची, ती तार ऐरणीवर चपटी करून बादला काढायचा, आणि तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून कलाबतू सिद्ध करायचा. इतक्या हातांतून निघालेला तो धागा अखेर मागावर पोचे. म्हणून येथील एका शेल्यावर किती घरांची चूल चालत असेल याचा हिशेब वाचकाने आपल्या मनाशी करावा.

मोगली वैभवास ओहोटी लागल्यावर शहराचे धनी वारंवार बदलले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजांनी बहादूरपुऱ्यावर छापा घातला; पुढे निजामुल्मुल्काने शहराभोवती तट बांधला; १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर झालेल्या तहाने ते पेशव्यांकडे आले व त्यांच्याकडून शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने शहर व असीरगड ही दोन्ही घेतली, परंतु सुर्जी अंजनगावच्या तहान्वये ती परत करण्यात आली. असीरगड १८१९ मध्ये इंग्रजांकडे कायमचा गेला, शहर १८६० च्या सुमारास गेले, आणि १८६४ मध्ये निमाड जिल्हा नव्या मध्य प्रांतास जोडण्यात आला. इंग्रजी दप्तरात बुऱ्हाणपूरचे नाव चढले ते अशा वेळी, जेव्हा इंग्लंडला येथल्या कापडापेक्षा येथल्या काळ्या जमिनीची गरज अधिक होती.

त्या गरजेचे मूळ अमेरिकेत होते. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाऊणहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई, आणि तो पिकवणारे बहुतेक हात गुलामांचे होते. १८६० च्या शिरगणतीत त्या देशातील गुलामांची संख्या ४० लाखांच्या जवळपास भरली. युद्ध पेटताच लिंकनच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, गिरण्यांची चाके थांबली, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी खानदेश, वऱ्हाड, निमाड, गुजरात आणि धारवाड या मुलखांकडे वळली. मुंबईत कापसाचा भाव तीन-चार पटींनी चढला. तापीच्या खोऱ्यात वेचणी संपते न संपते तोच आडत्यांची माणसे शेताच्या बांधावर येऊन उभी राहू लागली. हातरेच्यावर सरकी निघून रुई होण्याआधीच तिचा सौदा ठरू लागला. वजन वाढवण्यासाठी गाठींत सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचे प्रकार इतके बोकाळले, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस-आयुक्त पुढे नेमला गेला. लोहमार्ग खानदेशात शिरला, काही वर्षांत तो बुऱ्हाणपूरच्या लालबागेजवळून पुढे गेला, आणि १८७० मध्ये जबलपुरास कलकत्त्याच्या मार्गाला जाऊन मिळाला.

या भरभराटीची दुसरी बाजू मागावर बसणाऱ्यांनी पाहिली. ज्या भावाने कुणब्याच्या घरी चांदी आली, त्याच भावाने साळी, कोष्टी आणि मोमीन यांच्या घरचे सूत महाग केले. विणकराला कापडाची किंमत त्या प्रमाणात वाढवता येईना, कारण गिऱ्हाइकाची ऐपत वाढली नव्हती. आणि पुढे लोहमार्गाने मँचेस्टरचे स्वस्त कापड थेट दारात आणून टाकले, तेव्हा त्याच्या हातची उरलीसुरली बाजारपेठही गेली. एकाच गल्लीत एका घरी लग्नाचा मांडव मोठा पडला आणि शेजारच्या घरी माग उलगडून ठेवावा लागला, आणि दोहोंचे कारण सातासमुद्रांपलीकडचे तेच एक युद्ध होते. अशा वेळी ‘दक्षिण जिंकावी की उत्तर?’ असा प्रश्न कोणी त्या गल्लीत विचारला असता, तर शेतकऱ्याने युद्ध लांबावे असे म्हटले असते आणि विणकराने ते आजच थांबावे असे म्हटले असते. गुलामाचा विचार दोघांच्याही उत्तरात आला नसता. याबद्दल त्यांना दोष देणे न्याय्य होणार नाही. ज्यांना त्या कलहाचा केवळ भाव कळला होता, कारण कोणी सांगितलेच नव्हते, त्यांच्याकडून अधिक अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

परंतु स्वार्थाच्या विरुद्ध मत देणारी माणसेही त्याच काळी होती, हे विसरता कामा नये. कापसाअभावी गिरण्या बंद पडून ज्यांच्या घरी उपासमार होती, त्या मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरवून गुलामगिरीच्या उच्छेदास आपला पाठिंबा लिंकनला कळवला, आणि पुढल्याच महिन्यात लिंकनने त्यांना कृतज्ञतेचे उत्तर धाडले. मत कशाला म्हणावे याचा हा वस्तुपाठ आहे: ज्याने बोलणाऱ्याच्या ताटातली भाकरी कमी होते, आणि तरीही जे तो बोलतो, तेच खरे मत.

१८६५ च्या एप्रिलात जनरल ली शरण आला आणि मुंबईचा कापूसबाजार कोसळला. पाठोपाठ बँका, कंपन्या आणि शेअरांचे मनोरे ढासळले. चढत्या भावाच्या भरवशावर ज्या कुळांनी कर्ज काढले होते, त्यांच्या अंगावर भाव उतरल्यानंतरही व्याज आणि सरकारी सारा चढतच राहिला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे व नगर जिल्ह्यांत रयतेने सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, त्या उठावाच्या कारणांत अमेरिकी युद्धाच्या काळातील तेजी आणि तिच्या मागून आलेली मंदी यांची गणना चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेही केली आहे.

त्या मंदीच्या वर्षांत, म्हणजे १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. नीग्रो दासांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झिजलेल्या त्या लोकांचे कौतुक करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना बंधनातून सोडवण्याच्या कामी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे. मराठी माणसाने अमेरिकेच्या सर्वांत दाहक प्रश्नावर दिलेले हे मत, माझ्या मते, आपल्या वैचारिक इतिहासातील एक वळण आहे. जोतीरावांनी त्या युद्धाचा भाव पाहिला नाही, अर्थ पाहिला. आणि अर्थ पाहिल्यावर तो पुण्याच्या पेठांना, गावच्या पाटीलवाड्याला आणि महारवाड्याला लावून पाहिला. ग्रंथ निघाल्यानंतर काही महिन्यांतच, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. मतापासून कृतीपर्यंतचे अंतर त्यांनी इतके थोडे ठेवले.

पंडिता रमाबाईंनी अमेरिका डोळ्यांनी पाहिली. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या, पावणेतीन वर्षे त्या देशात हिंडल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. लोकांनी चालवलेले राज्य, स्त्रियांचे शिक्षण, मद्यपानाविरुद्ध स्त्रियांनी उभारलेली संघटना यांची त्यांनी मनःपूर्वक स्तुती केली. परंतु त्या खंडाच्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या लोकांविषयीचा तिरस्कार यांवर बोट ठेवण्यासही त्या कचरल्या नाहीत. ज्या देशाच्या लोकांनी त्यांच्या कार्यास द्रव्य दिले, त्याच देशाचे दोष त्यांनी आपल्या भाषेत उघड मांडले. आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळात ही विदुषी मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवा आपल्या आश्रयाला घेऊन आली. अमेरिकेतील स्त्रियांच्या हक्कांविषयीचे त्यांचे मत आपल्याच मुलखातल्या अनाथ पोरीच्या हाताला धरून चालले.

याच परंपरेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तेथे जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, आणि तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागवली. पीडिताने पीडिताच्या दप्तरातील कागद मागवावा, यात दोन देशांमधील खरा पत्रव्यवहार आहे.

बुऱ्हाणपूरच्या इतिहासाने या कथेत पुन्हा एकदा भाग घेतला, आणि या वेळी कापसाच्या जागी कागद होता. शहरापासून थोड्या अंतरावर नेपानगर येथे, सातपुड्याच्या जंगलातील सालई व बांबू यांचा लगदा करून वृत्तपत्रांचा कागद बनवणारी देशातील पहिली गिरणी उभी राहिली. तिची कंपनी १९४७ मध्ये स्थापन झाली, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि १९५६ च्या एप्रिलात पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. तोवर विलायती कागदावर विसंबून असलेल्या वृत्तपत्रांना देशी कागद मिळू लागला, तो नेमका याच सुमारास, जेव्हा अमेरिकेतील माँटगोमेरी शहरातील काळे नागरिक बसगाड्यांवर बहिष्कार घालून पायी चालत होते. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा त्या भेटीचे वृत्त वाचणाऱ्या या देशाच्या हाती स्वतःच्या रानातल्या लाकडाचा कागदही आला होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. तेथील मराठी माणूस तेव्हापासून महाराष्ट्राच्या सीमेच्या अलीकडे राहून मराठी वाचत आला आहे, आणि अल्पसंख्य भाषिक म्हणून जगण्याचा अनुभव त्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

परक्याच्या घरच्या भांडणात आपण का पडावे, असा आक्षेप काही विचारवंत घेतात. तो आक्षेप मला मान्य नाही. ज्या युद्धाने तापीकाठच्या कुणब्याचे कर्ज आणि कोष्ट्याचे सूत ठरवले, ते युद्ध परक्याचे होते असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे? अमेरिकेतील वादांवर आपण अवश्य बोलावे, आणि ज्यांची मुले-नातवंडे आज त्या देशात नांदत आहेत त्यांनी तर बोलावेच. परंतु तेथील गोऱ्याच्या उद्दामपणावर संताप व्यक्त करणाऱ्याने आपल्या गावच्या पाणवठ्याची चौकशी करावी. तेथील स्थलांतरितांच्या हालांनी कळवळणाऱ्याने आपल्या शहरात पोटासाठी आलेल्या परप्रांतीयाशी आपण कसे वागतो ते पाहावे. आणि तेथील स्त्रीच्या हक्काचा कैवार घेणाऱ्याने आपल्या घरच्या लेकीसुनेला बोलायला किती जागा ठेवली आहे, हे आधी तपासावे.

बुऱ्हाणपूरच्या तारकशीच्या धंद्यात कांब कितीही झळझळीत असली, तरी जंत्रीच्या शेवटच्या छिद्रातून न तुटता निघते तीच तार मागावर जाई. दूरच्या देशाविषयीच्या मताची अशी परीक्षा आपल्या घरीच होते. जोतीराव, रमाबाई आणि बाबासाहेब त्या परीक्षेस उतरले, म्हणूनच अमेरिकेविषयी ते जे बोलले त्याला शंभर वर्षांनंतरही वजन आहे. आणि वाचकहो, आपल्या मताला तसे वजन यावे अशी इच्छा असेल, तर त्यासाठी करायचे काम अमेरिकेत नसून आपल्याच गावात आहे.