सवलतीचा किराणा : खरी किंमत कशी मोजावी?

सुपरमार्केटमधून बाहेर पडताना बिलाच्या शेवटच्या ओळीत ‘आपण वाचवलेली रक्कम’ छापलेली असते. ही रक्कम छापील कमाल किरकोळ किमतीशी तुलना करून काढलेली असते. ग्राहकाच्या नेहमीच्या दुकानातील दराशी किंवा बाजारापर्यंतच्या प्रवासखर्चाशी तिचा संबंध नसतो. पणजी-मडगावच्या ग्राहकाला हा फरक फारसा जाणवत नाही. गोव्याच्या सीमेपलीकडे, कारवार-जोयडा मार्गावरील अणशीसारख्या गावात मात्र संपूर्ण हिशेबच त्यामुळे बदलतो.

स्वस्ताईचे गणित

मर्यादित माल, साधी मांडणी आणि कमी नोकरवर्ग या तत्त्वांवर जर्मनीतील अल्ब्रेख्ट बंधूंनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या दुकानांचा विस्तार केला. 1962 पासून ती ‘आल्डी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतात ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान 2002 मध्ये मुंबईतील पवई येथे सुरू झाले. शक्यतो स्वतःच्या मालकीची जागा, पुरवठादारांना लवकर पैसे देऊन मिळवलेली सूट आणि मालाचा वेगवान खप हे तिथल्या कमी दरांचे आधार आहेत.

मराठी मुलखाला ही कल्पना त्यापूर्वीच सहकारातून परिचित झाली होती. मुंबईत नायगाव येथे 1948 मध्ये ‘अपना बाजार’ उभा राहिला. गोव्यात फोंड्याची गोवा बागायतदार संस्था एकीकडे बागायतदारांची सुपारी, काजू, नारळ खरेदी करते आणि दुसरीकडे ग्राहकांसाठी बाजार चालवते.

अणशीचा हिशेब

अणशी हे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातील गाव आहे. येथील राष्ट्रीय उद्यान 1987 मध्ये जाहीर झाले. 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि 2015 मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. मोठ्या बाजारासाठी घाट उतरून, कद्रामार्गे सुमारे पन्नास किलोमीटरवरील कारवार गाठावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली की हा मार्ग बंद पडतो.

समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा 3,000 रुपयांचा आहे आणि सुपरमार्केटमध्ये तो शेकडा 8 रुपयांनी स्वस्त मिळतो. बचत झाली 240 रुपये. घरातील पुरुष बसने गेला आणि जाण्यायेण्याच्या भाड्याला 140, तर चहा-जेवणाला 80 रुपये लागले, तर हाती उरतात 20 रुपये. त्या दिवसाची मजुरी बुडाली, तर स्वस्ताई तोट्यात जाते. कर्नाटकात 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेखाली महिलांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. बाजाराला घरातील स्त्री गेली तर भाडे वाचते, पण तिचा दिवस आणि ओझे यांचा हिशेब कोणत्याही बिलावर येत नाही.

बेगमीचा उपाय

या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या रीतीत सापडते. गोव्यात मे महिन्यात ‘पुरुमेंत’ भरण्याची चाल आहे. मीठ, सुकी मासळी, आमसुले, कडधान्ये, मिरची असा पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यातच घरात येतो. तीच दृष्टी सामूहिक खरेदीला लावली तर गणित पालटते.

दहा कुटुंबांनी दोन महिन्यांचा माल एकत्र घेतला, तर खरेदी 60,000 रुपयांची होईल. त्याच 8 टक्क्यांनी बचत 4,800 रुपये. टेम्पोभाडे 2,000 रुपये धरले तरी 2,800 रुपये उरतात, म्हणजे प्रत्येक घराला 280 रुपये. शिवाय दहांऐवजी दोघांचाच दिवस मोडतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गावाने आपले दर आणि आपले भाडे घालून हिशेब करावा.

ही पद्धत नवी नाही. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे छोटे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवण्याची आणि आलेला माल सभासदांनीच वाटून घेण्याची व्यवस्था रुजवली. त्यासाठी काटेकोर हिशेब आणि आगाऊ रक्कम मात्र लागते. ज्या घरात दोन महिन्यांचे पैसे एकदम उभे राहत नाहीत, त्याला ही सवलत दुरूनच पाहावी लागते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

• प्रति एकक किंमत : मोठे पाकीट स्वस्तच असते असे नाही. वेष्टित मालाच्या नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाकिटावर प्रतिग्रॅम, प्रतिकिलो किंवा तत्सम एककाची किंमत छापणे बंधनकारक झाले. तुलना याच आकड्याची करावी.

• सुटा की पाकीटबंद : 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, पीठ, डाळींवर 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. त्यामुळे वाण्याकडची सुटी डाळ कधी कधी स्वस्त पडते.

• मुदत : ‘एकावर एक मोफत’ योजनेतील मालाची मुदत आधी पाहावी. दमट हवेत पीठ, रवा आणि मसाले लवकर बिघडतात. बेगमीसाठी साखर, साबण, चहा आणि वाळवलेली कडधान्ये बरी.

• घरचे पीक : जोयडा तालुका कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहे. परसात जे पिकते ते यादीत नसावे. रेशनवर मिळणारा तांदूळही आधी वजा करावा.

• बिल : फळीवरील दर आणि बिलातील दर ताडून पाहावेत. छापील कमाल किमतीत सर्व कर समाविष्ट असतात, त्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

वाण्याची उधारी

या हिशेबात आणखी एक रकाना हवा. खेड्यातील किराणा दुकानदार शेकडा काही रुपये जास्त घेतो, परंतु तो वहीवर माल देतो आणि दहा रुपयांचे तेलही मोजतो. घाट बंद पडलेल्या दिवशी दुकान उघडे असते ते त्याचेच. मोठी खरेदी सारी शहरात आणि वाण्याकडे केवळ उधारी, असे झाल्यास ते दुकान फार काळ टिकणार नाही. ते बंद पडले, तर मिठाच्या एका पुडीसाठीही घाट उतरावा लागेल.

म्हणून टिकाऊ आणि वजनदार माल वर्षातून काही वेळा एकत्र आणावा आणि रोजची किरकोळ खरेदी शक्यतो रोखीने गावातच करावी, ही विभागणी दूरच्या गावांना अधिक हिताची ठरते. गोव्यातही सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर राहणाऱ्यांना हा हिशेब लागू पडेल. मालाची किंमत दुकानाच्या फळीवर वाचून ठरवू नये, तो घराच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत काय पडला, ते मोजावे.