काळ्या भिंतींचे वय

नंदुरबार-धुळे टापूतल्या माळावर काळ्या दगडांच्या अरुंद, लांबच लांब टेकड्या आपण पाहिल्याच असतील. जणू कोणी गडाचा तट बांधायला घेतला अन् तसाच टाकून दिला! पण या भिंती माणसाने घातलेल्या नाहीत. पूर्वी धरणी भेगाळली, भेगांतून तप्त शिलारस वर चढला आणि तिथेच थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजला, भिंती उघड्या पडल्या. भूवैज्ञानिक त्यांना ‘भित्ती’ म्हणतात. बहुतेक भित्ती तापीच्या खोऱ्याला धरून, साधारण पूर्व-पश्चिम धावतात.

त्यांचे वय कसे ठरवायचे? पहिला उपाय नुसत्या डोळ्यांचा. जी भित्ती थर कापून गेली, ती थरांहून धाकटी. अन् ज्या चिरेवर ती भित्तीच तुटून सरकली, ती चीर त्याहून धाकटी. अशा चिरेला ‘विभंग’ म्हणतात.

पण यातून धाकटे-थोरले कळते, वर्षे कळत नाहीत. त्यासाठी दुसरा उपाय. खडकातल्या पोटॅशियमचा एक प्रकार फार संथपणे मोडतो. १२५ कोटी वर्षांत निम्मा उरतो. मोडताना त्याच्या काही भागाचा आर्गॉन वायू होतो. शिलारस पातळ असताना हा वायू निसटतो. थिजल्यावर साठू लागतो. तो मोजला की वय निघते. मात्र दगड ताजा हवा. कुजलेल्या दगडातून वायू गळतो अन् हिशेब चुकतो. अशा मोजणीतून दख्खनच्या लाव्हाचा मुख्य काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला आहे.

तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. थिजताना खडकात मुरलेल्या चुंबकत्वावरून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ साली हे दाखवून दिले.

आता मुद्द्याची गोष्ट. खडक म्हातारा, म्हणून विभंगही निजला असे समजू नका. नर्मदा-तापीचा पट्टा अजून जागा आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला; याच पट्ट्याच्या पूर्वेकडे २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले.

म्हणून गुरुजींनी मुलांना एखादी भित्ती अवश्य दाखवावी. आणि घर बांधणाऱ्याने दगड कितीही टणक असला तरी कोपरे नीट सांधावेत, चारी भिंतींना एकसंध पट्टा घालावा. दगडाच्या वयाने घर तगत नाही, बांधणीने तगते.