माहेर हृदयाचं, सासर यकृताचं

काविळीची शंका आली किंवा टीबीच्या गोळ्या सुरू व्हायच्या असल्या, की डॉक्टर चिठ्ठीवर एसजीओटी-एसजीपीटी ही जोडी लिहितात. आकडे वाढलेले दिसले, की घरात ‘लिव्हरला सूज आहे’ असं जाहीर होतं. यातली थोरली, एसजीओटी, रक्तात शोधली गेली ती मात्र हृदयविकारासाठी.

अमिनो आम्लातला नत्राचा गट एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर नेणारी एन्झाइम्स स्नायूत असतात, हे १९३७ साली मॉस्कोत ब्राउनस्टीन आणि क्रिट्झमन यांनी दाखवलं. कबुतराच्या छातीचा स्नायू त्यांनी त्यासाठी वापरला. पुढची बरीच वर्षं हा विषय जीवरसायनाच्या पुस्तकातच राहिला. मग न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि तरुण आर्थर कार्मेन यांनी एक सरळ प्रश्न विचारला : हृदयाच्या स्नायूत यांतलं एक एन्झाइम, एसजीओटी, भरपूर असेल, तर हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या पेशींमधून ते रक्तात सांडायला हवं, मग ते मोजता का येऊ नये? १९५४ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. झटक्यानंतर काही तासांत पातळी चढते, दिवसा-दीड दिवसात शिखर गाठते आणि पुढच्या काही दिवसांत उतरते, असा तो आलेख होता.

मोजायचं कसं, ही खरी अडचण होती. सुरुवातीची पद्धत पेपर क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे वेळखाऊ. १९५५ साली कार्मेनने जोडलेली छोटी टीप मूळ निबंधापेक्षा दीर्घायुषी ठरली. एनएडीएच हा रेणू ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, वापरला गेला की शोषत नाही. वार्बुर्गने बर्लिनमध्ये या गुणाचा उपयोग आधीच करून ठेवला होता. कार्मेनने एन्झाइमच्या क्रियेला दुसरी एक क्रिया अशी जोडली, की पहिली जितकी वेगात, तितका एनएडीएच भराभर संपावा. आता फक्त शोषण किती वेगाने घटतं ते पाहायचं. आजची स्वयंचलित यंत्रं मुळात हेच करतात.

अतिनील प्रकाशाचं यंत्र मात्र महाग. त्यावर १९५७ साली राइटमन आणि फ्रँकेल यांनी उतारा काढला : सीरम ३७ अंशांवर ठेवायचं, रंग देणारं रसायन घालायचं, कॉस्टिक सोड्याने तपकिरी रंग आणायचा आणि साध्या कलरीमीटरवर वाचायचा. पद्धत ढोबळच, पण लहान लॅबला परवडणारी.

दरम्यान नेपल्समध्ये दे रितिस आणि सहकाऱ्यांना विषाणूजन्य काविळीत ही एन्झाइम्स प्रचंड वाढलेली दिसली. धाकटी एसजीपीटी तर यकृतात फारच जास्त असते. हृदयाला पुढे ट्रोपोनिनची चाचणी मिळाली आणि एसजीओटी कायमची यकृताकडे नांदायला गेली. अजूनही ती एकनिष्ठ नाही. स्नायूंना इजा झाली तरी ती वाढते, आणि रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरीही. म्हणून गुलाबी दिसणारं सीरम चांगला तंत्रज्ञ परत पाठवतो.

या चाचण्यांची मोठी उणीव अशी, की पेशी फुटल्यावरच त्या बोलतात. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत हे महागात पडतं. पहिल्या दिवशी रोगी ठीक वाटू शकतो, एसजीपीटीही शांत असू शकते, आणि यकृताचा नाश आत सुरू झालेला असतो. तिथे इजा मोजून भागत नाही, औषधच मोजावं लागतं. १९७५ साली रुमॅक आणि मॅथ्यू यांनी त्याचा आलेख छापला : गोळ्या घेतल्यापासूनचे तास एका अक्षावर, रक्तातली पातळी दुसऱ्यावर. चार तासांच्या आत काढलेलं रक्त त्यात धरत नाहीत, कारण औषध अजून पोटातून रक्तात उतरत असतं. चौथ्या तासाला पातळी मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर यकृताला धोका. पुढे अमेरिकेत सावधगिरी म्हणून ही धोक्याची रेषा १५० वर आणली. पातळी रेषेच्या वर असेल तर एसजीपीटी वाढण्याची वाट न पाहता एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा सुरू करतात. पहिल्या आठ तासांत दिलं, तर ते बहुतेकांचं यकृत वाचवतं.