टोकेलाउचीं बेटें आणि जिवतीचा डोंगर



माझें आयुष्य जिवतीच्या डोंगरावर मुलांना शिकविण्यांत गेलें. भूगोलांत प्रवाळबेटांचा धडा आला कीं मुलें हटकून विचारीत, “गुरुजी, खाऱ्या समुद्रांत तीं माणसें पितात तरी काय?” उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं दरी उतरणाऱ्या मुलांना दुसरा कोणता प्रश्न सुचणार!

प्रशांत महासागरांत, सामोआच्या उत्तरेस सुमारें ५०० किलोमीटरांवर टोकेलाउ हा द्वीपसमूह आहे. अताफू, नुकुनोनू व फाकाओफो हीं त्याचीं तीन कंकणाकार बेटें. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो, भोंवतीं पोवळ्यांची भिंत वर चढत राहते, आणि अखेर डोंगर बुडून मध्यें उथळ सरोवर उरतें, अशी उपपत्ति डार्विननें १८४२ सालीं मांडली. तिन्ही बेटांची जमीन अवघी दहाबारा चौरस किलोमीटर, वस्ती सुमारें दीड हजार. नदी नाहींच, छपरांवरचें पावसाचें पाणी टांक्यांत सांठवून लोक पितात. धरलेले मासे घरांतील माणसें मोजून सर्वांस वांटतात. ह्या चालीस ‘इनाती’ म्हणतात.

अशा एकांतासहि जगानें सोडलें नाहीं. १८६३ सालीं पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनीं जवळजवळ निम्मे लोक पळवून नेले. १८८९ मध्यें ब्रिटिशांचें संरक्षण आलें. १९२५-२६ मध्यें कारभार न्यूझीलंडकडे गेला. ओलोहेगा हें चौथें बेट १९२५ सालींच अमेरिकेनें आपल्या हद्दींत घेतलें, आणि १९८० च्या करारानें टोकेलाउचा त्यावरील हक्क सुटला.

आमची कथा फार निराळी नाहीं. हा डोंगर निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला. परंतु चौदा गांवांवर आंध्रनें हक्क सांगितला. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयांतील दावा त्यानें मागें घेतला, तरी दोन्ही राज्यांच्या शाळा व मतदारयाद्या तेथें चालूच राहिल्या. महाराजगुडा गांवीं एकाच घराच्या मधून सीमा जाते, असें २०२२ सालीं वृत्तपत्रांनीं छापलें.

भेद एकच. २००६ व २००७ सालीं टोकेलाउच्या लोकांस स्वराज्याविषयीं मत विचारण्यांत आलें. दोन्ही वेळां बहुमत अनुकूल पडलें; परंतु दोन-तृतीयांशांची अट थोडक्यांत हुकली. निकाल कांहींहि लागो, प्रश्न त्यांनाच विचारला गेला. आमच्या डोंगरावर रेघ कोठून जावी, हें १९५६ सालीं गोंड-कोलामांस मतपेटी ठेवून कोणीं विचारलें नव्हतें.

नकाशा शिकवितांना मी मुलांना रेघ दाखवी. तिच्या दोहों बाजूंस माणसें राहतात, हें मात्र त्यांना शिकवावें लागत नसे.