मशेरीचा तवा

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. तूस जाळून राखुंडी करायची आणि बोटानं दात घासायचे, ही जुनी रीत. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर, त्यामुळे दात लख्ख होत आणि झिजतही.

पण आपल्याला थांबायचं आहे ते मशेरीपाशी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना लावायची. कोकणात काय किंवा देशावर काय, बायका ती दिवसातून चार-चारदा लावत आणि 'दात घासते' म्हणत. विडीवरून नवऱ्याला बोलणारं घर याला व्यसन धरत नसे.

घाटापलीकडच्या पुणे जिल्ह्यात डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. १९७२ साली छापलेल्या त्या अभ्यासात मशेरी तंबाखूच्याच सवयींत मोजली आहे. आमच्या मते मोठं काम झालं ते इथं: दात घासण्याच्या रकान्यातून मशेरी बाहेर पडली.

१९९२ मध्ये केंद्र सरकारनं तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी आणली. चांगलंच झालं. पण बंदी लागू होते कारखान्यातल्या डबीला. चुलीवरच्या तव्याला कोण पकडणार?

२०१३ साली खारघरच्या ॲक्ट्रेकसह भारतीय संशोधकांनी गाल-हिरड्यांच्या कर्करोगातले जनुकीय बदल प्रसिद्ध केले. तंबाखू धरतात ती हीच जागा. त्याआधी तिथं बरेचदा पांढरा चट्टा येतो, तो नुसत्या उजेडातही दिसतो. फक्त कुणीतरी बघायला हवं. दाढ दुखते म्हणून आलेल्या बाईला 'तंबाखू खाता का?' विचारलं, तर ती नाहीच म्हणणार. 'मशेरी लावता का?' असंच विचारावं लागतं.