क्वी न्यॉन : आधी ऋतू पाहा, मग तिकीट काढा

व्हिएतनामची सहल म्हटली, की हनोई, हा लाँग उपसागरातील खडकाळ बेटे, दा नांग, होई आनमधील कंदिलांच्या गल्ल्या आणि हो चि मिन्ह सिटीतील वर्दळ असा ठराविक कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानसेवा २०२२मध्ये सुरू झाली आणि या कार्यक्रमाला मराठी पर्यटकांचीही पसंती मिळू लागली. मात्र, आठ दिवसांत पाच शहरे पाहण्यापेक्षा एकाच समुद्रकिनारी चार-पाच दिवस निवांत घालवावेत, असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी मध्य व्हिएतनामच्या दक्षिण भागातील क्वी न्यॉन हे ठिकाण अधिक सोयीचे आहे. अर्थात, येथील शांतता अनुभवायची असेल, तर सर्वांत महत्त्वाचा निर्णय हॉटेलचा नसून महिन्याचा असतो. नेमकी येथेच आपल्याकडील पर्यटकांची गफलत होण्याची शक्यता असते.

कोठे आहे?

क्वी न्यॉन हे दा नांगच्या दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटर आणि न्या त्रांगच्या उत्तरेस सुमारे २२० किलोमीटर अंतरावर आहे. या दोन गजबजलेल्या पर्यटनस्थळांच्या मधोमध असल्याने परदेशी पर्यटकांचे लोंढे येथे तुलनेने कमी येतात. शहराला लागूनच चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा आहे. मासेमारी आणि बंदर हे येथील जुने व्यवसाय. पर्यटन नंतर आले.

आरक्षण करताना एक बाब ध्यानात ठेवावी. एक जुलै २०२५ रोजी व्हिएतनामने प्रांतांची पुनर्रचना केली आणि त्यांची संख्या ६३वरून ३४वर आणली. त्यात क्वी न्यॉनचा बिन दिन हा प्रांत डोंगराळ झिया लाय प्रांतात विलीन झाला. नव्या प्रांताचे नाव झिया लाय असले, तरी त्याचे मुख्यालय क्वी न्यॉन येथेच आहे. त्यामुळे जुन्या नकाशांत व पुस्तकांत एक आणि नव्या कागदपत्रांत दुसरे नाव आढळल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही.

दिवाळीची सुट्टी नको

आपल्याकडे लांबच्या सहली दिवाळीत किंवा मे महिन्यात आखण्याची प्रथा आहे. ऑक्टोबरमध्ये आपला पाऊस सरलेला असतो. म्हणून तिकडेही आकाश निरभ्र असेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. मध्य व्हिएतनामच्या पश्चिमेला डोंगररांग आहे. नैऋत्य मोसमी वारे आपला बराचसा ओलावा त्या डोंगरांच्या पलीकडेच रिता करतात. पूर्व किनाऱ्याला खरा पाऊस मिळतो तो ईशान्येकडून, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाऊस का पडतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित चटकन उमगेल.

क्वी न्यॉनमध्ये वर्षातील बहुतांश पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे त्यातील सर्वाधिक पावसाचे महिने. चक्रीवादळांचा धोकाही याच काळात असतो. सहा नोव्हेंबर २०२५ रोजी काल्मेगी हे चक्रीवादळ याच भागात किनाऱ्यावर धडकले आणि क्वी न्यॉन परिसराची मोठी हानी झाली. त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला तेव्हा जेमतेम सोळा दिवस झाले होते. दिवाळीत शाळांना सुट्टी असते आणि या हंगामात तेथील खोल्याही स्वस्त मिळतात. पण त्या स्वस्ताईचे कारण हे आहे.

फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल. हवा कोरडी, समुद्र बराचसा शांत आणि पाणी स्वच्छ असते. जून ते ऑगस्टमध्येही पाऊस तुरळकच असतो. मात्र पश्चिमेकडून येणारे कोरडे, उष्ण वारे दुपारी हैराण करतात आणि व्हिएतनामी शाळांना सुट्टी असल्याने स्थानिक पर्यटकांची गर्दी वाढते. तेव्हा आपल्या मुलांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्यानंतरचा एप्रिल-मे हा काळ मराठी कुटुंबांना येथे अगदी जुळून येतो. त्यातही ३० एप्रिल व एक मे या व्हिएतनाममधील राष्ट्रीय सुट्ट्यांच्या आसपासचे दिवस टाळावेत. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येणारा तेत, म्हणजे चांद्र नववर्षाचा सण, हाही अडचणीचा. त्या आठवड्यात रेल्वे व विमाने भरलेली आणि अनेक दुकाने बंद असतात.

कसे जावे?

भारतीय पारपत्रधारकांना व्हिएतनामचा व्हिसा लागतो. १५ ऑगस्ट २०२३पासून तेथील सरकारने सर्व देशांच्या नागरिकांसाठी ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा सुरू केला. एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर असे त्याचे शुल्क आहे. अर्ज नाकारला गेला, तरी ते परत मिळत नाही. सरकारी संकेतस्थळाशी साधर्म्य असलेली अनेक खासगी संकेतस्थळे जादा पैसे आकारतात, म्हणून पत्ता तपासूनच अर्ज भरावा. नाव व जन्मतारीख पारपत्रावर आहे तशीच लिहावी. कागदोपत्री प्रक्रिया काही दिवसांची असली, तरी तीन-चार आठवडे आधी अर्ज करणे इष्ट.

हो चि मिन्ह सिटी किंवा हनोई येथे उतरून देशांतर्गत विमानाने फू कात विमानतळ गाठता येतो. हो चि मिन्ह सिटीहून हा प्रवास साधारण सव्वा तासाचा आहे. विमानतळ क्वी न्यॉनपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. दोन विमानांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. कारण मोठ्या विमानतळावर पारपत्र तपासणीच्या रांगा लांबतात. ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांनी एका बाजूचा प्रवास रेल्वेने करून पाहावा. उत्तर-दक्षिण लोहमार्गावरील दियू त्री हे स्थानक शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे.

मुक्काम कोठे करावा?

येथे तीन पर्याय आहेत. शहरातील किनाऱ्यालगतची हॉटेले ज्येष्ठ नागरिकांना सोयीची. बाजार, दवाखाने आणि खानावळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दक्षिणेस दहा-बारा किलोमीटरवरील बाई सेप हे मच्छीमारांचे छोटे गाव. तेथे साध्या निवासांपासून महागड्या रिसॉर्टपर्यंत सोय आहे. पण संध्याकाळनंतर करमणुकीची साधने जवळपास नाहीत. तिसरा पर्याय म्हणजे खाडीपलीकडील न्यॉन ली परिसरातील मोठी रिसॉर्ट. तेथे राहिल्यास प्रत्येक वेळी शहरात येण्यासाठी वाहन लागते.

कोकणातील किनाऱ्यांची सवय असलेल्यांना एक फरक जाणवेल. हा किनारा पूर्वाभिमुख आहे. येथे समुद्रात सूर्य बुडत नाही. तो समुद्रातून वर येतो. मे महिन्यात सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास होतो आणि त्याआधीपासूनच स्थानिक रहिवासी पोहायला उतरलेले असतात. भारताच्या तुलनेत घड्याळ दीड तास पुढे असल्याने पहिले एक-दोन दिवस उठणे जड जाते. परंतु दिवसाची उत्तम वेळ तीच. दुपारी ऊन टाळून विश्रांती घ्यावी आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडावे.

काय पाहावे?

न्यॉन लीजवळील की को हा किनारा आणि एओ जो, म्हणजे 'वाऱ्याची खिंड', ही दोन ठिकाणे एका दिवसात होतात. की कोला जाणाऱ्या होड्या समुद्र खवळल्यास बंद ठेवतात. म्हणून ही सहल शेवटच्या दिवसावर ढकलू नये. गावांच्या किनाऱ्यावर बांबूच्या विणलेल्या, टोपलीसारख्या गोल होड्या दिसतात. मच्छीमार आजही त्या वापरतात.

भारतीय पर्यटकांना आवर्जून पाहण्यासारखा वारसा म्हणजे चंपा राज्याचे विटांचे मनोरे. या राज्याच्या राजधानीचे नाव विजय असे होते. जय इंद्रवर्मन यांसारखी संस्कृत नावे धारण करणाऱ्या आणि शिवाची उपासना करणाऱ्या राजांचे हे राज्य. १४७१मध्ये दाई व्हिएतच्या सैन्याने विजय जिंकून घेतले. त्याच्या खुणा म्हणजे शहरातच असलेले थाप दोय हे जोडमनोरे आणि सुमारे २० किलोमीटरवरील टेकडीवर उभा असलेला बान इत हा मनोऱ्यांचा समूह. सकाळी लवकर गेल्यास दोन्ही निवांत पाहता येतात.

शहरालगतची क्वी होआ ही वसाहत १९२९मध्ये कुष्ठरुग्णांसाठी स्थापन झाली. कवी हान माक तू यांनी १९४०मध्ये येथेच अखेरचा श्वास घेतला, तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. आज या परिसरात पर्यटक येतात. मात्र ही लोकांची वस्ती आहे, याचे भान ठेवून वावरावे आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

खाणे, पैसा आणि वाहन

शाकाहारी पर्यटकांनी 'चाय' हा शब्द पाठ करावा. व्हिएतनामी भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी जेवण असा होतो. बौद्ध परंपरेनुसार चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक जण 'चाय' जेवतात आणि त्यासाठी स्वतंत्र खानावळीही असतात. अन्यत्र भाजीतही माशाचे आंबवलेले पाणी घातलेले असते, म्हणून विचारूनच मागवावे. 'बो' म्हणजे गोमांस आणि 'हेओ' म्हणजे डुकराचे मांस. तांदळाच्या पिठाचे, घावनासारखे दिसणारे बान सेओ ही येथील खासियत. त्यात सहसा कोळंबी असते.

एका रुपयाला ढोबळमानाने ३०० डाँग मिळतात. २० हजार आणि पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळसर असल्याने रात्री पैसे देताना आकडा वाचूनच नोट द्यावी. दुचाकी सहज भाड्याने मिळते. परंतु आपला परवाना तेथे ग्राह्य नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. कुटुंबासाठी मोटारच बरी.

आखणी थोडक्यात

पाच रात्री पुरेशा आहेत. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा शहर व थाप दोय, तिसरा की को आणि एओ जो, चौथा बान इत, पाचवा पूर्णपणे मोकळा. तो मोकळा दिवस कोणत्याही स्थळासाठी खर्ची घालू नये. समुद्र खवळून होडी चुकल्यास तोच उपयोगी पडतो. आणि सुट्टी दिवाळीचीच मिळणार असेल, तर क्वी न्यॉनचा बेत पुढील एप्रिलपर्यंत लांबणीवर टाकणे अधिक शहाणपणाचे ठरेल.