क्लोवहारूचे घर

फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ पेलिंकी नावाचा द्वीपसमूह आहे. त्याच्या समुद्राकडील कडेला क्लोवहारू हे जवळजवळ उघड्या खडकाचे बेट असून त्यापुढे फिनलंडचे आखात मोकळे पसरलेले आहे. या खडकावर 1964-65 साली एका खोलीचे घर उभे राहिले.

ते घर लेखिका व चित्रकार टूवे यान्सन आणि त्यांच्या सहचारिणी, मुद्राचित्रकार टूलिक्की पीटिला यांचे. मूमिनकथांमुळे यान्सन यांची कीर्ती दूरदेशी पोहोचली होती आणि तिच्याबरोबर पत्रांचा व पाहुण्यांचा ओघही सुरू झाला होता. ब्रेडश्यार बेटावर 1947 साली भावासह बांधलेले घर आप्तेष्टांनी भरून जाऊ लागले. निवांतपणाची ओढ त्यामुळे होतीच. पण तिला आणखीही एक अर्थ होता. फिनलंडमध्ये समलिंगी संबंध 1971 पर्यंत कायद्याने गुन्हा होता. दोन स्त्रियांनी आपला संसार उघडपणे मांडावा, यासाठी त्या खडकाइतकी मोकळी जागा मुख्य भूमीवर सहज सापडणारी नव्हती.

घराच्या आराखड्यात टूलिक्कींचे बंधू रेइमा आणि त्यांच्या पत्नी राइली या वास्तुविशारद दांपत्याचे साहाय्य होते. नवी दिल्लीतील फिनलंडच्या वकिलातीची इमारत याच दांपत्याची. तिच्या स्पर्धेचा निकाल 1963 साली लागला. इमारत मात्र 1980 च्या दशकात पुरी झाली. राजधानीतील ती वास्तू भव्य, तर क्लोवहारूचे घर अगदी साधे. सुरुंगाने शिळा फोडून जागा केली, सामान नावेने आणले आणि स्थानिक माणसांबरोबर मालकिणींनीही हात राबविले. खाली तळघर, वर एकच खोली आणि चारी दिशांना खिडक्या. वीज नाही, नळ नाही. आधुनिक वास्तुकलेने अनावश्यकाचा त्याग करण्याचा जो आग्रह धरला, तो येथे वारा आणि लाटाच करून घेत होत्या.

जवळजवळ तीन दशके दोघींचे उन्हाळे येथे गेले. पाहुणे आले की त्यांना खोली देऊन दोघी तंबूत झोपत. पुढे वय झाले आणि निसरड्या खडकावर नाव लावणे अवघड वाटू लागले. तेव्हा, 1990 च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी बेटाचा निरोप घेतला आणि घर तेथील स्थानिक संस्थेच्या स्वाधीन केले. 1996 साली या बेटावरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यातील चित्रे टूलिक्कींची होती.

माणसाला घर किती मोठे लागते, हा प्रश्न जुनाच आहे. येथे चार भिंतींत दोघींचे काम, सोबत आणि स्वातंत्र्य सामावले होते.